बंदीच्या दिवसांतली ऊब

२५ फेब्रुवारी

आज अग्निशमन केंद्रात फोन केला. एक मार्चला वणवाबंदी लागते. ती लागली की पाऊस येईपर्यंत आपल्याच जमिनीत आपलाच पालापाचोळा जाळायची चोरी. त्याआधी उरकायचं तर परवाना काढा, वारा पडलेला दिवस बघा, त्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून कळवा, ढिगाभोवतीचं गवत खरवडून मातीचा पट्टा मोकळा करा, पाण्याचा पाइप हाताशी ठेवा. आजवर हे सगळं ‘हे’ करायचे. मी स्वयंपाकघरातून "झालं का एकदाचं" एवढंच विचारायचे. ऑक्टोबरात हे गेले आणि फांद्यांचा ढीग माझ्या नावावर राहिला.

फोनवरच्या माणसाचं नाव मी वणवासाहेब ठेवलंय. बोलतो अदबीनं, पण एकेक गोष्ट तीनतीनदा विचारतो. जाळणार त्या जागी जमिनीत काही नाही ना, मुळंबिळं, असंही विचारलंन. म्हटलं, तिथलं झाड कधीच तोडलंय. मग ठीक, म्हणाला.

चिरंजीवांचं रोजचं पालुपद चालूच आहे. शहरात या, आमच्याकडे राहा, एवढी जागा एकटीला झेपणार नाही. मी म्हटलं, हा उन्हाळा निभावून दाखवते, मग बोल. सूनबाई मागून काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

२७ फेब्रुवारी

जाळलं! वारा अजिबात नव्हता.

हे दरवर्षी ढीग खालच्या खडकाळ माळावर ओढत नेऊन जाळायचे. माझे गुडघे तेवढे शहाणे नाहीत. मागच्या दाराजवळ, लाकडाच्या खोपीशेजारी त्या जुन्या झाडाचा बुडखा आहे, त्याच्यावरच रचला. बुडख्यावर गवत नाही, त्यामुळे खरवडायचं कामही निम्मं. शिवाय ढीग उंचावर राहतो, खालून हवा लागते, छान पेटतं. ह्यांना इतक्या वर्षांत हे कसं सुचलं नाही कोण जाणे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, बाहेर बोलायची नाही. कापड जाळायला परवानगी नसते. पण ह्यांचा तो कोट, बागेत घालायचा, खिशात कायम सुतळी आणि कसल्याशा बिया असलेला, खुंटीवर लटकून रोज माझ्याकडे बघायचा. कुणाला द्यावासा वाटेना, धुवावासा वाटेना. फांद्या चांगल्या पेटल्यावर मधोमध ठेवला. आधी नुसता धुरला. मग एक बाही वर उचलली गेली, हात केल्यासारखी, आणि सगळा एकदम पेटला. मी पाइप धरून उभी होते, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडले.

संध्याकाळी राखेवर पाणी मारलं, उलटा हात लावून पाहिला. गार होती. फोन करून कळवलं, विझलं म्हणून.

४ मार्च

बंदी लागली. केंद्राकडून पत्रक आलंय. उघड्यावर जाळ नाही, दुपारी गवत कापायचं यंत्र नाही, ठिणगी उडेल असं वेल्डिंग नाही, वाळलेल्या गवतात मोटार उभी करायची नाही. आपल्या जमिनीतून आग निघून दुसऱ्याकडे गेली तर जबाबदारी आपली. गॅस पेटवायला तेवढा परवाना लागत नाही, नशीब.

फाटकावर पाटी लावली. ह्यांचाच हातोडा घेतला, खिळा वाकडा गेला.

१२ मार्च

आज खोपीमागे धुराचा वास आला. अगदी पुसट.

हे तिथे चोरून सिगारेट ओढायचे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यावर मला वचन दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून खोपीमागे लाकडं रचायला जायला लागले. इतकी लाकडं जगात कुणी रचली नसतील. मला सगळं माहीत होतं. एवढी एक चोरी असू दे म्हणून मी गप्प बसायचे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

वास आल्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "झालं का पुन्हा सुरू?" मग तिथे उभं राहवेना.

२० मार्च

मांजर ह्यांचं. माझ्याकडे खायला येतं, पण उपकार केल्यासारखं. हल्ली ते दिवस दिवस बुडख्याजवळ मातीत पडलेलं असतं. आज सकाळी त्याला उठवायला वाकले आणि हात जमिनीला लागला. ऊबदार होती. आमची जागा उंचावर, सकाळी अजून स्वेटर लागतो, बाकी सगळं अंगण गार आणि ओलं, आणि तेवढीच एक पट्टी कोरडी आणि ऊबदार.

चपला काढून उभी राहिले. ऊब पायातून वर आली. ह्यांचे पाय असेच असायचे. हिवाळ्यात माझे बर्फासारखे पाय मी त्यांच्या पोटरीला लावायचे आणि ते झोपेत ओरडायचे.

मला वेड लागलंय का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. लागलं असेल तर अजून कुणाला त्रास होत नाही, असं उत्तर मिळालं.

२ एप्रिल

धाकटी आली होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. भाऊजी आणि ती उताराच्या खाली, तारेच्या कुंपणापलीकडे राहतात. आमच्या बुडख्यापासून जुन्या झाडांची रांग उतरत जाते ती थेट त्यांच्या गवताच्या खोपटापर्यंत. झाडं सासऱ्यांच्याही आधीची, आता निम्मी वाळलेली. खाली वर्षानुवर्षांच्या पाल्याचा थर इतका, की चालताना गादीवर चालल्यासारखं वाटतं.

चहा पिता पिता म्हणाली, "ताई, तुमच्याकडे काही जळतंय का हो? मला दोनदा वास आला." मी म्हटलं, बंदीत कोण जाळणार. तर म्हणे, झाडांखालचं गवतही एका रेघेत पिवळं पडलंय, पाणी घाला जरा. तिला सगळीकडे खुसपट काढायची सवय. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या पडद्यांतसुद्धा काढलं होतं.

ती गेल्यावर पाहिलं. रेघ आहे खरी. बुडख्यापासून निघून खाली गेलीय.

९ एप्रिल

बुडख्याजवळ आता गार आहे. सकाळी पाय ठेवला तेव्हा कळलं. वेड्यासारखी इकडे तिकडे चाचपडत फिरले, अनवाणी. रांगेतल्या दुसऱ्या झाडाशी ऊब सापडली. मांजर आधीच तिथे जाऊन बसलं होतं.

नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे रोज संध्याकाळी खोपीमागचं काम उरकून झाडांखालून चालत बाकापर्यंत जायचे आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसायचे. म्हणजे चालायला लागलेत. सावकाश चाललेत, शेवटी शेवटी चालायचे तसे.

लिहिताना माझाच हात थांबतो. तरी जे वाटलं ते लिहिलं. मला भीती वाटत नाही. भीती एकच, की थांबेल.

१३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तळपाय गरम लागतात, म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी पायाला टाचणी टोचून पाहिली, साखर तपासायला सांगितली, गोळ्या दिल्या. बागेतल्या जमिनीवरच गरम लागतं, घरात लागत नाही, असं सांगितलं असतं तर वेगळ्या गोळ्या मिळाल्या असत्या.

गोळ्या घेणार नाही. माझे पाय उत्तम आहेत.

१८ एप्रिल

हे बाकापर्यंत पोचले.

बाक रांगेपासून जरा बाजूला आहे, एकाच जाड मुळाच्या वळणावर ह्यांनी ठोकलेलं. आज त्याच्यापुढची जमीन ऊबदार आहे. मी संध्याकाळभर तिथे बसले. चिरंजीवांचा फोन येऊन गेला, पाण्याच्या पंपाचं काय झालं, धाकटीनं काय खुसपट काढलं, सगळं ह्यांना सांगितलं. ऑक्टोबरपासून तुंबलेलं होतं. कोट जाळला त्याचंही सांगितलं, माफी मागितली. ऊब तशीच राहिली, म्हणजे राग नसावा.

घरात येऊन दोन घास जास्त जेवले.

२१ एप्रिल

वणवासाहेब आज स्वतः हजर. बंदीत घराघरावर फेरी असते म्हणे. आवाजावरून मला म्हातारा वाटला होता, निघाला चिरंजीवांच्या वयाचा. धाकटीनं तक्रार केलीय, धुराचा वास येतो म्हणून. घरचे लोक!

दोन गोष्टींची धास्ती वाटली. एक तर कोट, आणि दुसरं म्हणजे हा माणूस फावडं घेऊन आला होता. जमीन उकरली तर काय होईल ह्याचा विचारसुद्धा नकोसा झाला. त्याला मी पुढच्या व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, पत्रकातल्या शंका विचारल्या. बिचारा शंका विचारणारं कुणी भेटलं म्हणून खूश झाला. मग बुडख्याकडे नेलं. त्यानं राख उकरली, हात घातला. गार. वासाचं काय, म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे खोपीमागे सिगारेट ओढतात. त्याला वाटलं कुणी गडीमाणूस असेल. बंदीत तेही करू देऊ नका काकू, म्हणाला, आणि गेला. बाकाकडे फिरकलाच नाही.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. खोटं बोलले नाही, तरी तोंड कडू झालं.

३० एप्रिल

दुपारी रांगेतलं तिसरं झाड पडलं. वाऱ्याची झुळूक नव्हती. मोठा आवाजही झाला नाही, दमलेला माणूस खाली बसावा तसं बसलं आणि आडवं झालं.

जाऊन पाहिलं. मुळं नव्हतीच. जिथे मुळं असायला हवीत तिथे काळी भोकं, आत हात जाईल एवढी. वाळवी लागली असणार, इतकी जुनी झाडं. भोकातून गरम हवा तोंडावर आली, आणि धुराचा एक धागा. मला एकदम लाज वाटली, कुणाच्या खोलीचं दार न वाजवता उघडल्यासारखी. मी घाईघाईनं माती ओढून भोकं बुजवली, वर पाला पसरला.

धाकटीनं कुंपणापलीकडून विचारलं, काय पडलं हो? झाड, म्हटलं. भाऊजी लाकूड तोडायला येतो म्हणाले. बंदी उठल्यावर या, म्हटलं.

६ मे

भाऊजींची लेक माहेरी आलीय, तीन महिन्यांचं बाळ घेऊन. माझी ही पुतणी लहानपणी माझ्याच ओट्यावर बसून खायची. बाळ दाखवायला आणलंन. नाक आमच्या घराण्याचं, बिचारीचं. ह्यांनी पाहिलं असतं तर दिवसभर घेऊन फिरले असते.

बाळाला गवताच्या खोपटाशेजारची खोली दिलीय, ती गार असते म्हणून. दुपटी कुंपणाच्या तारेवर वाळत असतात.

आज सकाळी अनवाणी खाली गेले. बाकापाशी ऊब आहेच, पण आता कुंपणाच्या तारेखालीही आहे, चांगली गरम. दोन्हीकडे! आधी कळेना. मग कळलं. नातीला बघायला गेलेत.

दुपट्याखाली उभी राहून मी किती वेळ हसत होते. पुतणीनं खिडकीतून हात केला.

१० मे

काल काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काल सकाळपासून वारा सुटला होता. जेवण उरकून भांडी घासत होते, तर मांजर घरात धावत आलं आणि फडताळाखाली शिरलं. बाहेर पाहिलं तर कुंपणाशी जमिनीतूनच ज्वाळा उठत होत्या. कुणी काडी लावली नव्हती, काही नव्हतं. वाळकं गवत, मग दुपटी, मग खोपट. मी ओरडले ते मला आठवत नाही, धाकटी म्हणते गावभर ऐकू गेलं.

पुतणी बाळाला पोटाशी धरून पुढच्या दारातून बाहेर पडली. पण त्याआधी दोघींना धूर लागला, बाळाला खोकल्याची उबळ थांबेना. भाऊजी गोणपाट ओलं करून गवत झोडत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मी पाइप ओढत नेला तर तो कुंपणापर्यंत पुरेना. अग्निशमनच्या दोन गाड्या आल्या. घर वाचलं, खोपट गेलं. बाळाला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जिवाला धोका नाही म्हणाल्या, पण छाती घरघरतेय.

वणवासाहेबांनी कुंपणाखाली फावडं मारलं. लाल निखारा निघाला, पेटलेलं मूळ. साहेब उकरत उकरत चढ चढून आले, झाडामागून झाड, थेट आमच्या बुडख्यापर्यंत. काळी नळीच्या नळी. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "काकू, तुम्ही ढीग बुडख्यावर जाळलात. आग मुळात शिरली, ती तेव्हापासून खालून चालतेय. वरची राख गार लागली म्हणून मीही फसलो."

बाळ खोकत होतं.

११ मे

आज दिवसभर वणवासाहेबांची माणसं चर खणत होती. मुळं तोडली, चरात पाणी सोडलं, चिखल केला. सकाळी वर्दीतली एक मुलगी बाकाखालीही हात लावून गेली, पण वरवर. पाय ठेवायला ह्यांनी टाकलेल्या फरशा तिथे आहेत, त्या गार लागल्या. बाक रांगेच्या बाहेर, त्यामुळे चर तिकडे वळलाच नाही.

चिरंजीव सकाळीच येऊन पोचले. मधूनच आत जाऊन माझ्या बॅगा काढून ठेवल्यान.

दुपारनंतर अग्निशमनच्या माणसांनी पाइप गुंडाळायला घेतले. मी बाकावर बसले होते, पाय फरशीच्या कडेला मातीत. ऊब होती. तशीच, परवा काही झालंच नाही अशी. मला आता माहीत होतं ती काय आहे. काळी नळी मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी पायांना ते पटत नव्हतं. पाय म्हणत होते, हे इथे आहेत.

मनात काय आलं तेही लिहिते. आलं, की एवढं राहू दे. खालचं मूळ तुटलंय, इथून कुठे जाणार आहे? मी रोज लक्ष ठेवीन. जाणार नाही मी शहरात, इथेच बाकाशी राखण करीन. कुणाला कळायचं नाही. सगळं पटण्यासारखं होतं. मी स्वतःशी मान डोलावली.

वणवासाहेब टोपी घेऊन निरोप घ्यायला आले. बंदी संपेपर्यंत काळजी घ्या, म्हणाले. कुंपणापलीकडे बाळ पुन्हा खोकायला लागलं. लहान बाळाचा खोकला मोठ्या माणसासारखा नसतो, मध्येच थांबतो आणि पुढचा श्वास येईपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव जातो.

मी म्हटलं, "थांबा. इथे अजून गरम आहे."

"कुठे?"

"माझ्या पायाखाली. मला एप्रिलपासून माहीत आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. चिरंजीव मागे उभा होता, तोही. मला वाटलं आता कुणीतरी बोलेल, बोलावं. साहेबांनी माणसांना हाक मारली, बाक उचलून बाजूला ठेवलं, फरशा काढल्या. पहिल्याच घावाला धूर आला. खाली माझ्या मनगटाएवढं मूळ, आतून लाल, शांतपणे धुमसत पडलेलं. वळण घेऊन ते पलीकडे गेलं होतं, चिरंजीवाची मोटार उभी होती त्या वाळक्या गवताखाली.

एकानं पाइप पुढे केला. मी म्हटलं, द्या इकडे. साहेब म्हणाले, वाफेनं भाजेल, काकू. मी हात पुढे केलेला तसाच ठेवला. मग त्यांनी पाइप दिला आणि माझा दंड धरून शेजारी उभे राहिले.

पाणी सोडलं. एवढा आवाज होईल असं वाटलं नव्हतं. वाफ अंगावर आली, काही दिसेना, तोंडावर गरम ओल. मी पाइप हलवला नाही. ह्यांना काय सांगायचं ते एप्रिलभर सांगून झालं होतं. आवाज कमी कमी होत गेला, मग नुसतं पाणी वाहायला लागलं. साहेबांनी खड्ड्यात हात घालून पाहिलं, पुन्हा पाणी मारायला सांगितलं, पुन्हा हात घातला. मग मला म्हणाले, तुम्ही बघा.

मी चिखलात बसून हात आत घातला, कोपरापर्यंत. गार होतं. बोटं आणखी आत नेली, मूळ चाचपलं. तेही गार होतं.

ऑक्टोबरात ह्यांचा हात गार झाला तेव्हा मी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत उभी होते. वर येईपर्यंत सगळं झालं होतं, नर्सनं चादरही नीट केली होती. आज कुणी मला उठवायला आलं नाही. चिरंजीव माझ्याशेजारी चिखलात येऊन बसला. मी हात काढला नाही, आणि त्यानंही घाई केली नाही.